कोअरची ताकद: प्लँक इतक्या उशिरा का, आणि त्याआधी काय करायचं

कोअरचा व्यायाम सुरू करायचा ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी प्लँकमध्ये (पालथं होऊन कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) जातात, घड्याळाकडे बघत एक मिनिट थरथरतात, मग वीसेक क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे वर उचलणं) मारतात. चौथ्या दिवशी मान आखडते, आठवड्यात कंबर बोलायला लागते आणि ‘मला हे जमत नाही’ असं ठरवून चटई कपाटात जाते. व्यायाम चुकीचा नसतो, क्रम चुकलेला असतो.

कोअर म्हणजे पोटावरच्या वड्या नव्हेत. छातीच्या पिंजऱ्यापासून खुब्यापर्यंतचं सगळं आवरण त्यात येतं: वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, भोवती पट्ट्यासारखा आडवा पोटाचा स्नायू, दोन्ही कुशींना तिरके स्नायू, मागे कण्याला बिलगलेले छोटे-मोठे स्नायू. यांचं मुख्य काम धड वाकवणं नाही. हातपाय हलत असताना धड हलू न देणं, हे त्यांचं काम. धान्याचं पोतं गच्च भरून तोंड शिवलेलं असेल तर उभं राहतं, अर्धं रिकामं असेल तर मधेच मोडून लवंडतं. आपल्याला पोतं भरायला शिकायचं आहे. खालचे सगळे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत.

## सुरुवात करण्याआधी

जागा. जमीन कडक हवी, वर पातळ चटई किंवा घडी केलेलं पांघरूण चालेल. गादीवर किंवा पलंगावर करू नका. गादी कंबरेखालची पोकळी भरून काढते, त्यामुळे कंबर उचलली गेली तरी तुम्हाला कळत नाही, आणि नेमकं तेच कळायला हवं असतं.

वेळ. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. झोपेतून उठल्या उठल्याही नको. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात (सकाळी उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच) आणि अशा वेळी वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. उठून तासभर हिंडा-फिरा, मग चटईवर या.

साहित्य. हात पुसायचा एक छोटा टॉवेल आणि मोबाइल. मोबाइल वेळ लावायला कमी आणि बाजूने स्वतःचा व्हिडिओ काढायला जास्त लागेल. कंबर खचली आहे की नाही हे आतून फार उशिरा जाणवतं. व्हिडिओत लगेच दिसतं.

आधी डॉक्टरांना कोणी विचारायचं? पोटाची किंवा पाठीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी, चकती सरकल्याचं निदान झालेल्यांनी, रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी. हाडं ठिसूळ झाली असतील तर क्रंचेस आणि पाठ गोल करून वाकण्याचे व्यायाम टाळाच, त्यात मणका चेपण्याचा धोका असतो.

## टप्पा १: श्वास

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण वगळतो, कारण यात घाम येत नाही. श्वासपटल हे त्या पोत्याचं तोंड आहे. ते नीट चालत नसेल तर पुढे काहीच घट्ट बसत नाही.

उताणे झोपा. गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर, दोन पायांत खुब्याएवढं अंतर. एक हात छातीवर, दुसरा बेंबीखाली.

नाकाने सावकाश चार आकडे मोजत श्वास घ्या. पोट वर येईल, पण तेवढ्यावर थांबू नका. बरगड्या दोन्ही बाजूंना पसरल्या पाहिजेत आणि कंबरेची मागची बाजू जमिनीवर किंचित दाबली गेली पाहिजे. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सहा आकडे श्वास सोडा. सोडताना पुढच्या बरगड्या खाली उतरताना जाणवतील. त्या उतरलेल्या बरगड्या लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक टप्प्यात लागणार आहेत.

असे दहा श्वास. दिवसातून दोनदा केलेत तर उत्तम.

तपासा: छातीवरचा हात जवळपास स्थिर आहे का? गळ्याच्या शिरा ताणल्या जात नाहीत ना? खांदे कानांकडे सरकत असतील तर तुम्ही श्वास मानेने घेताय. अशा वेळी हात बाजूच्या बरगड्यांवर ठेवा आणि त्या हातांना बाहेर ढकलायचा प्रयत्न करा. पोट फुगवण्यापेक्षा हे लवकर जमतं.

## टप्पा २: कंबर कसणं

आपल्याकडे हा वाक्प्रचार आहे, पण करायला सांगितलं की लोक नेमकं उलटं करतात: पोट आत ओढतात. फोटो काढताना ओढतो तसं. पोट आत ओढलं की घेर लहान होतो, आतला दाब विस्कटतो आणि कण्याला मिळणारा आधार कमी होतो. कसायचं म्हणजे चहूबाजूंनी घट्ट करायचं. पोट आत जायला नको आणि मुद्दाम बाहेरही ढकलायला नको.

त्याच स्थितीत पडून राहा. कंबरेच्या पुढच्या दोन हाडांच्या टोकांवर बोटं ठेवा आणि दोन बोटं आत, पोटाकडे सरकवा. आता हलकंसं खोका. बोटांखाली काहीतरी टणक होऊन वर आलं, तोच तो स्नायू. आता न खोकता तेवढाच टणकपणा आणा. कोणी गंमतीने पोटात बोट खुपसणार आहे आणि तुम्हाला ते आधीच कळलंय, असं समजा.

पूर्ण जोर नको. शंभरपैकी वीस-तीस पुरेत. जड वजन उचलताना जास्त लागेल, इथे लागत नाही.

आणि आता खरी परीक्षा: हा ताण तसाच ठेवून टप्पा १ मधला श्वास चालू ठेवा. पहिल्यांदा करताना बहुतेकांचं एक काहीतरी सुटतं. श्वास घेतला की पोट ढिलं, पोट घट्ट केलं की श्वास बंद. घाबरायचं कारण नाही, दोन-चार दिवसांत बसतं. पण बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

दहा सेकंद धरा, दहा सेकंद सोडा. सहा वेळा.

तपासा: ताण धरून एक ते दहा मोठ्याने मोजा. आवाज दबला किंवा अडकला तर जोर जास्त आहे. श्वास कोंडून व्यायाम करण्याची सवय रक्तदाब एकदम वाढवते, म्हणून ही तपासणी रक्तदाबाच्या रुग्णांनी प्रत्येक टप्प्यात करावी.

सावधान: ताण देताना पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर-खाली, उंचवट्यासारखी कड उभी राहत असेल तर जोर झेपत नाहीये. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात तेव्हा हे विशेष दिसतं. तिथेच थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

## टप्पा ३: पाठ जमिनीवर, हातपाय हवेत

याला डेड बग म्हणतात. उताणं पडलेलं झुरळ डोळ्यांसमोर आणा, नाव कळेल. दिसायला बालिश व्यायाम आहे, पण मला विचाराल तर नवख्या माणसाने महिनाभर फक्त हाच नीट केला तरी चालेल.

छोट्या टॉवेलची एक घडी करून कंबरेखाली ठेवा. कंबर कसा, टॉवेल हलकाच दाबला जाईल. संपूर्ण व्यायामभर टॉवेलवरचा दाब बदलता कामा नये. पाय कुठवर जातो याला महत्त्व नाही, टॉवेल काय सांगतो याला आहे.

पायऱ्या अशा:

1. टाच घसरवणं. दोन्ही तळपाय जमिनीवर. श्वास सोडत एक टाच जमिनीवरून घासत पुढे न्या, श्वास घेत परत आणा. आळीपाळीने, प्रत्येक पायाने आठ वेळा.
2. टाच टेकवणं. दोन्ही पाय उचला, गुडघे खुब्यांच्या बरोबर वर, काटकोनात. श्वास सोडत एक टाच जमिनीला टेकवा, परत आणा. दुसरा पाय जागचा हलू नये.
3. पाय लांबवणं. टेकवण्याऐवजी पाय जमिनीपासून वीतभर वर सरळ लांब करा.
4. विरुद्ध हात-पाय. दोन्ही हात छताकडे. उजवा हात डोक्यामागे नेताना डावा पाय लांबवा. प्रत्येक बाजूने सहा ते आठ.

एका वेळेला पाच सेकंद लागले पाहिजेत. घाईघाईत सायकल चालवल्यासारखं केलं तर सगळं काम मांडीच्या पुढच्या भागाला जातं.

तसं का होतं हे समजून घ्या, म्हणजे पुढे बऱ्याच चुका आपोआप टळतील. मांडी उचलणारा सोअस नावाचा स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघतो आणि मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. पाय हवेत धरला की तो कंबरेच्या मणक्यांना पुढे खेचतो. पोटाचे स्नायू ही ओढ अडवू शकले तर कोअरचा व्यायाम झाला. नाही अडवू शकले तर कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि व्यायाम कंबरदुखीचा होतो. दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम वर-खाली करणं नवख्यांनी टाळायचं ते याचसाठी.

तपासा: टॉवेलचं टोक दुसऱ्या कोणाला हळूच ओढायला सांगा. निघून आला तर एक पायरी खाली या. यात कमीपणा काही नाही.

## टप्पा ४: ब्रिज

हा लवकर जमतो. त्याच स्थितीत तळपाय जमिनीवर, कंबर कसलेली. श्वास सोडत टाचांनी जमीन दाबा आणि नितंब उचला. गुडघा, खुबा आणि खांदा एका तिरक्या रेषेत आले की थांबा. त्याहून वर गेलात तर उंची खुब्यातून नाही, कंबरेच्या कमानीतून येते. तीन सेकंद धरा, सावकाश उतरा. दहा वेळा.

मांडीच्या मागे पेटके येत असतील तर टाचा नितंबांजवळ घ्या. काम नितंबांनी करायचं आहे. ते आळशी असले की त्यांचं काम मांड्या आणि कंबर वाटून घेतात.

## टप्पा ५: रांगत्या स्थितीत तोल

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्याच्या यांत्रिकीवर अनेक वर्षं संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल पाठीसाठी तीन व्यायामांची शिफारस करतात: एक अर्धवट कर्ल-अप (उताणं पडून डोकं-खांदे जेमतेम उचलणं), एक साइड प्लँक आणि एक बर्ड डॉग. बर्ड डॉग तो हाच.

मनगटं खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. पाठ टेबलासारखी, नजर जमिनीकडे. कंबर कसा. आधी फक्त एक पाय मागे जमिनीवरूनच घसरवत लांब करा. कंबर डगमगली नाही तर तो उचला, खुब्याच्या उंचीपर्यंतच. हेही स्थिर झालं की विरुद्ध हात पुढे न्या.

पाय जितका वर तितका व्यायाम चांगला, असा समज सर्रास दिसतो. पाय वर फेकला की कंबर मोडते आणि खुबा एका बाजूला उघडतो. पायाने मागची भिंत ढकलायची आहे असं मनात आणा. दिशा मागे, वर नाही.

दहा सेकंद धरायचं, आणि मोजणी उतरत्या क्रमाने: प्रत्येक बाजूने आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. दमत जाल तशी संख्या कमी होते आणि शेवटची दोनही पहिल्याइतकीच नेटकी होतात. एकदम बारा काढायला गेलात तर शेवटची पाच-सहा वेडीवाकडी होतात आणि शरीर तीच शिकतं.

तपासा: कंबरेवर एक पुस्तक आडवं ठेवा. पडलं तर हात-पाय लवकर उचलताय किंवा जास्त उचलताय.

## टप्पा ६: आता प्लँक

इथवर यायला दोन ते चार आठवडे लागतात. कोणाला सहा लागतील.

जमिनीवर एकदम उतरू नका. पहिल्यांदा भिंतीला कोपरं टेकवून तिरके उभे राहा. मग घट्ट, न सरकणाऱ्या टेबलावर. मग जमिनीवर गुडघे टेकून. सगळ्यात शेवटी पायांच्या बोटांवर. उंची कमी होत जाते तसा भार वाढतो, आणि पायऱ्या तुमच्या हातात राहतात.

स्थिती एकच: कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, नितंब आवळलेले, बरगड्या टप्पा १ मध्ये उतरल्या होत्या तशाच उतरलेल्या. मान लांब, नजर दोन हातांच्या मधे. आता कोपरं जागची न हलवता पायांच्या दिशेने ओढायचा प्रयत्न करा. हे केलं की जे एक मिनिट आरामात धरत होते त्यांनाही दहा सेकंद पुरेसे वाटतात.

म्हणून वेळ दहा सेकंदच. दहा धरा, पाच सोडा, पुन्हा दहा. सहा वेळा. मिनिटभर लोंबकळण्यापेक्षा सहा नेटके दहा सेकंद जास्त शिकवतात. पोट खाली लटकायला लागलं किंवा नितंब डोंगरासारखे वर गेले की तो सेट संपला. घड्याळ काहीही म्हणो.

साइड प्लँकही याच टप्प्यात. कुशीवर, कोपर खांद्याखाली, गुडघे वाकवलेले. खुबा उचला, मांडी आणि धड एका ओळीत. खुबा मागे पडत असेल तर नितंब पुढे ढकला. गुडघ्यांवरून नीट जमल्यावरच पाय सरळ करा. खांदा दुखत असेल तर भिंतीला टेकून उभ्याने करा. दोन बाजूंत फरक जाणवेल, तो थोडा सगळ्यांनाच असतो. कमजोर बाजूने सुरुवात करा आणि तिच्याइतकंच दुसरीने करा.

## टप्पा ७: उभं राहून

आडवं पडून कमावलेली ताकद उभ्याने वापरता आली नाही तर तिचा उपयोग चटईपुरताच. एका हातात वजन घ्या. डंबेल नको असेल तर पुस्तकं भरलेली पिशवीही चालते. कंबर कसा आणि वीस-तीस पावलं सरळ चाला, मग हात बदला. वजन एका बाजूला ओढत असताना तुम्ही दुसरीकडे कलता कामा नये. कललात तर वजन कमी करा. आरशासमोर चाललात तर लगेच कळतं.

## आठवड्याची मांडणी

आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवसाची सुट्टी. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. कोअर हा त्यातला एक भाग झाला, चालणं आणि पायांचे व्यायाम वेगळे करायचेच.

पहिला आठवडा फक्त टप्पा १ आणि २, हे रोज केले तरी चालतात. दुसऱ्यापासून ३ आणि ४ जोडा. मग ५. पुढे जायचा नियम तारखेवर नाही: सलग दोन वेळा सगळ्या तपासण्या पास झाल्या तरच पुढची पायरी. नवा टप्पा आला की जुना टाकून द्यायचा नाही. टप्पा १ चे पाच श्वास आणि डेड बगचा एक सेट हा तुमचा कायमचा वॉर्मअप.

## तरीही होणाऱ्या चुका

‘पोट कमी होत नाही’ ही तक्रार हमखास येते. पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी निवडून वितळत नाही. चरबी शरीरभरातून कमी होते, आणि कुठून आधी हे आपल्या हातात नसतं. हे व्यायाम ताकदीसाठी आहेत, टेप घेऊन मोजू नका.

क्रंचेस करताना मान दुखते, कारण हातांनी डोकं खेचलं जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवख्याला क्रंचेसची घाई नसावी.

तिसरी चूक: दुखणं आणि दमणं यातला फरक न करणं. पोटात, कुशीत, नितंबात जळजळ किंवा थरथर होणं ठीक. दुसऱ्या दिवशी तिथेच अंग जड वाटणंही ठीक. कंबरेच्या मधोमध टोचणं, किंवा कळ मांडीतून गुडघ्याच्या खाली उतरणं ठीक नाही. व्यायाम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, जांघेत किंवा बसण्याच्या जागेभोवती बधिरता आली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

आणि मधे आजारपणाने किंवा प्रवासाने दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर? जिथे सोडलं तिथून सुरू करू नका, आणि पार पहिल्यापासूनही नको. टॉवेल घ्या, टप्पा ३ ची दुसरी पायरी करून बघा. टॉवेल जागचा हलला नाही तर दर खेपेला एकेक टप्पा चढत परत या.